खरखर कुठून येते?

श्रोतेहो, रेडिओ लावला की गाण्याआधी जी एक पाहुणी घरात येते ती खरखर. आपण तिला कधी बोलावीत नाही. ती आली की आपण बटण फिरवतो, सेटला दोन थापा मारतो, आणि फारच झाले तर सेट उचलून तालुक्याला नेतो. आज मी या खरखरीचाच थोडासा इतिहास सांगणार आहे. राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळ सांगितला जातो. पण माणसाने आपल्या यंत्रातला दोष शोधायला जावे आणि शोधता शोधता विश्वाच्या आरंभाशी जाऊन पोहोचावे, असा प्रसंग इतिहासात वारंवार येत नाही.

सुरुवात घरापासूनच करतो. माझ्या लहानपणी आमच्याकडे आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. एका वर्षी तो सकाळच्या वेळी इतका खरखरू लागला की बातम्यांतले एक वाक्य धड ऐकू येईना. वडिलांनी तो सायकलच्या कॅरियरला बांधला आणि बाजारपेठेतल्या एका कारागिराकडे नेला. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांनी सेट उघडलाच नाही. ते म्हणाले, "मास्तर, आधी एरियलची तार काढून बघा. खरखर गेली तर ती बाहेरची. राहिली तर ती सेटच्या पोटातली. आणि खरखर कधी येते, कधी जाते, ते आठवडाभर लिहून ठेवा."

घरी येऊन तार काढली. खरखर गेली. म्हणजे सेट निर्दोष होता. मग माझ्याकडे वही आली आणि मी वेळा लिहू लागलो. सकाळी आठला सुरू, अकराला बंद. सोमवारी मात्र दिवसभर शांत. वही पाहून आजी म्हणाली, "अरे, सोमवारी गिरणी बंद असते ना!" शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या मोटरच्या जोडणीत ठिणगी पडत होती. तार घट्ट केली आणि आमच्या बातम्या परत आल्या.

मामांनी त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या : दोष आतला की बाहेरचा ते आधी ठरवा, आणि त्याची वेळ लिहून ठेवा. पुढे इतिहास वाचताना माझ्या ध्यानात आले की या शतकभराच्या कथेतले मोठमोठे शास्त्रज्ञही नेमके याच दोन वाटांनी गेले आहेत.

आधी सेटच्या पोटातल्या खरखरीचे पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळात निर्वात नळीचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, अ‍ॅम्प्लिफायर हाती आला. क्षीण आवाज हजार पटींनी, लाख पटींनी वाढवता येऊ लागला. लोकांना वाटले, आता कितीही बारीक आवाज ऐकू येईल, फक्त नळ्या वाढवीत जायचे. तसे झाले नाही. एका मर्यादेपलीकडे गाणे वाढवावे तर त्याबरोबर खरखरही वाढे आणि गाणे तीत बुडून जाई. १९१८ साली जर्मनीत वॉल्टर शॉटकी याने याचे एक कारण दाखवले. वीज ही पाटाच्या पाण्यासारखी सलग वाहत नाही, ती कणाकणाने येते. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडावा तसे हे कण नळीत आदळत असतात. थेंब पुष्कळ असले तरी त्यांची टपटप काही लपत नाही.

पुढची पायरी अमेरिकेत चढली गेली. तिथे टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, म्हणजे बेल लॅबोरेटरीजमध्ये, जे. बी. जॉन्सन नावाचा संशोधक होता. त्याला आढळले की नळीत नव्हे, तर एखाद्या साध्या रोधाच्या दोन टोकांवरही, त्याला बॅटरी जोडलेली नसताना, विजेची अगदी बारीक थरथर असते. रोध कोणत्या पदार्थाचा आहे याला महत्त्व नाही. तो तापवला की थरथर वाढते, थंड केला की कमी होते. पदार्थातले विद्युत्कण उष्णतेने सतत धक्काबुक्की करीत असतात, जत्रेतल्या गर्दीसारखे. गर्दी कुठेच जात नसली तरी जागच्या जागी हलत असतेच. त्याच कंपनीतल्या हॅरी नायक्विस्टने याचे गणित मांडले, आणि दोघांचे लेख १९२८ साली प्रसिद्ध झाले.

या शोधाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ही खरखर म्हणजे कारागिराची चूक नव्हे. ती उष्णतेची सावली आहे. जोवर वस्तूला ऊब आहे तोवर ती राहणारच. यंत्र थंड करून ती कमी करता येते, पण हुकूम सोडून बंद करता येत नाही. दुसरा अर्थ असा की खरखर आता अंशांत मोजता येऊ लागली. "एवढी खरखर म्हणजे इतक्या अंश तापमानाच्या वस्तूइतकी," असे सांगता येऊ लागले. पुढच्या कथेत ही भाषा आपल्याला लागणार आहे.

आता बाहेरच्या खरखरीकडे वळू. समुद्रापलीकडे रेडिओने टेलिफोन जोडण्याचे काम चालू होते आणि मधे खरखर येत होती. तिचा शोध घेण्याचे काम बेल लॅबोरेटरीजने कार्ल जान्स्की नावाच्या तरुणाला दिले. न्यू जर्सी राज्यातल्या होल्मडेल गावच्या मोकळ्या शेतात त्याने लाकडी चौकटीवर एक लांबलचक एरियल उभारले आणि ते फोर्ड मोटारीच्या चाकांवर बसवले. ते वीस मिनिटांत एक फेरी घेई. पाळण्यासारखे गोल फिरणारे हे एरियल पाहून लोकांनी त्याला थट्टेने नावेही ठेवली.

जान्स्कीने मामांचीच रीत धरली : कुठून येते आणि केव्हा येते, ते लिहिणे. त्याला तीन जातींची खरखर सापडली. एक जवळच्या विजा-पावसाची. दुसरी दूरच्या वादळांची. तिसरी मात्र निराळी, एकसारखी, हलक्या सुस्काऱ्यासारखी. ती दिवसातून एकदा चढे आणि उतरे. प्रथम त्याला वाटले, ही सूर्याची असावी. पण महिन्यामागून महिने वही भरत गेली तसे दिसू लागले की हिची वेळ सूर्याशी जुळत नाही. ती रोज सुमारे चार मिनिटे लवकर येते. फेरी चोवीस तासांची नाही, तेवीस तास छप्पन्न मिनिटांची आहे.

श्रोतेहो, ही चार मिनिटे शेतकऱ्याला नवीन नाहीत. पहाटे नक्षत्र पाहून उठणाऱ्या माणसाला ठाऊक असते की आज जे नक्षत्र एका वेळी उगवले ते महिन्याने दोन तास आधी उगवते. रोजची चार मिनिटे, तीस दिवसांचे दोन तास. म्हणजे ही खरखर सूर्याची नव्हे, ताऱ्यांच्या गावची होती! दिशा पाहिली तर ती आकाशगंगेची निघाली, आणि सर्वांत जोर धनु राशीकडे, आपल्या मूळ नक्षत्राच्या शेजारी. जान्स्कीने १९३३ साली हे जाहीर केले. वर्तमानपत्रांतही ते छापून आले. टेलिफोनच्या कामापुरते उत्तर मिळाले होते, म्हणून त्याला दुसरी कामे देण्यात आली. १९५० साली, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी तो वारला. आज आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींचा जोर ज्या मापाने मोजतात त्या मापाला 'जान्स्की' हेच नाव आहे.

इथवर खरखरीचे झाले. तिची एक धाकटी बहीण आहे, ती आवाज करीत नाही. ती म्हणजे यंत्राचा काटा हळूहळू सरकणे. सकाळी काटा शून्यावर ठेवावा आणि दुपारी पाहावे तो दोन घरे पुढे. नळी तापते, बॅटरी उतरते, हवा बदलते आणि यंत्र आपले माप बदलते. खरखर निदान ऐकू तरी येते. सरकणारा काटा मात्र गुपचूप खोटे बोलतो.

यावर उपाय काय? तो आपल्या वाण्याला पूर्वीपासून माहीत आहे. तराजूची पारडी सारखी नसली तर तो धडा करतो. मापात दोष असला तरी दोन्ही बाजूंना तो सारखाच लागावा, अशी युक्ती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत रॉबर्ट डिकी याने रेडिओमापनात हीच युक्ती आणली आणि १९४६ साली प्रसिद्ध केली. त्याने एक असा स्विच बसवला की यंत्र क्षणभर आकाशाकडे पाही, क्षणभर माहीत असलेल्या तापमानाच्या वस्तूकडे, आणि असे सेकंदाला सुमारे तीस वेळा. मोजायचा तो दोहोंतला फरक. एवढ्या थोड्या वेळात काटा सरकून सरकून किती सरकणार? आणि सरकला तरी दोन्हीकडे सारखाच सरकणार. यंत्र सुधारता येत नसेल तर निदान त्याला रोज नव्हे, क्षणोक्षणी खऱ्या मापाशी ताडून पाहा, हा या युक्तीचा मथितार्थ.

आता मुख्य कथा. गाव पुन्हा होल्मडेलच. १९६०च्या सुमारास तिथल्या टेकडीवर एक प्रचंड कर्णा बांधण्यात आला. अ‍ॅल्युमिनियमचा, सुमारे पन्नास फूट लांब, आणि तोंड वीस फुटांचे. 'एको' नावाचा फुग्यासारखा उपग्रह अवकाशात सोडला होता. त्यावर आपटून परत येणारे क्षीण संदेश पकडण्यासाठी हा कर्णा होता. ते काम संपल्यावर दोन तरुण शास्त्रज्ञांना तो आकाशाच्या अभ्यासासाठी मिळाला. एक आर्नो पेन्झियास. जर्मनीत जन्मलेला हा ज्यू मुलगा, नाझींच्या छळातून वाचून, लहानपणीच अमेरिकेत आला होता. दुसरा टेक्सासचा रॉबर्ट विल्सन. शाळकरी वयात तो रेडिओ आणि टेलिव्हिजनचे संच दुरुस्त करून चार पैसे मिळवी. म्हणजे मामांच्याच जातकुळीचा!

दोघांना आकाशगंगेच्या बाहेरच्या भागातून येणारी अगदी मंद लहर मोजायची होती. त्यासाठी आधी कर्ण्याची स्वतःची खरखर किती, ते काटेकोर ठरवणे भाग होते. पेन्झियासने तुलनेसाठी द्रव हेलियममध्ये बुडवलेली एक वस्तू तयार केली. तिची खरखर सुमारे ५ अंशांची. हे अंश केल्व्हिनचे, म्हणजे उणे २७३ सेल्सिअसपासून वर मोजलेले. यंत्र एकदा कर्ण्याला जोडायचे, एकदा या थंडगार वस्तूला, आणि फरक पाहायचा.

१९६४ साली पहिले माप घेतले आणि दोघे चकित झाले. आकाश त्या हेलियमच्या वस्तूपेक्षा थंड दिसायला हवे होते. ते उलट गरम दिसले! हिशेब असा : कर्णा सरळ माथ्यावर रोखला की एकूण ६.७ अंश. यात हवेचे २.३ अंश. कर्णा क्षितिजाकडे झुकवला की हवेचा थर जाड होतो, त्यावरून हा आकडा काढता येई. कर्ण्याच्या धातूचे आणि जमिनीचे मिळून सुमारे ०.९. वजाबाकी केली की ३.५ अंश उरतात. या साडेतीन अंशांना धनी कोण?

आता पाहा, त्यांनी किती दारे ठोठावली. न्यूयॉर्क शहर जवळच. तिथल्या यंत्रांचा तर हा गोंगाट नसेल? कर्णा शहराच्या दिशेला वळवला. फरक नाही. आकाशगंगेचा असेल? मग तिच्या दिशेला जास्त यावा. तसे नाही. सूर्यमालेतला असेल? मग ऋतूंबरोबर बदलावा. महिने गेले, बदल नाही. १९६२ साली अमेरिकेने वातावरणाच्या वर अणुस्फोट केला होता. त्याचे अवशेष असतील? मग दिवसेंदिवस कमी व्हावे. तेही नाही. बाहेरची सगळी दारे बंद झाली तेव्हा दोष आतला असला पाहिजे, असे ठरले. कर्ण्याच्या पत्र्यांच्या सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवली. जवळजवळ काहीच फरक नाही.

मग लक्ष गेले ते कबुतरांकडे. कर्ण्याच्या अरुंद टोकात, जिथे ऊब असे, तिथे एका जोडप्याने घरटे केले होते आणि आतली बाजू विष्ठेने पांढरी करून टाकली होती. अशा थरातूनही खरखर निघू शकते. कबुतरे पकडली, पेटीत घालून कंपनीच्या टपालाने दुसऱ्या गावी पाठवली आणि सोडून दिली. कबुतरेच ती, घरी परतली! शेवटी त्यांना गोळी घालावी लागली. कर्णा आतून घासून पुसून लख्ख केला. आकडा किंचित उतरला, पण साडेतीन अंश जागच्या जागी. सर्व दिशांना सारखे, रात्री-दिवसा सारखे, उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखे.

इथे मला तुमचे लक्ष एका गोष्टीकडे वेधायचे आहे. याच कर्ण्यावर १९६१ साली कंपनीतल्याच एडवर्ड ओम नावाच्या अभियंत्याने एकूण खरखरीचा हिशेब मांडला होता. त्यालाही सुमारे ३.३ अंश जास्तीचे आढळले होते. पण त्याच्या मोजणीत चुकीला वाव जवळजवळ तेवढाच होता. तो फरक चुकीच्या मर्यादेत बसला आणि पुढे गेला. यात त्याचा दोष काढता येणार नाही. त्याचे काम उपग्रहाचे होते आणि ते उत्तम झाले होते. पेन्झियास आणि विल्सन यांच्याजवळ जास्तीची वस्तू एकच होती : तुलनेचे खात्रीचे माप. त्यामुळे त्यांना तो फरक चुकीच्या खात्यावर मांडून मोकळे होता येईना.

तिकडे जवळच प्रिन्स्टन विद्यापीठात, स्विचवाला रॉबर्ट डिकी आता प्राध्यापक होता. विश्व एके काळी अतिशय तप्त आणि दाट होते असे मानले तर त्या उष्णतेची निवलेली ऊब आजही सर्वत्र उरली असली पाहिजे, असा त्याचा तर्क. ती ऊब शोधण्यासाठी त्याचे तरुण सहकारी एका इमारतीच्या गच्चीवर यंत्र उभारीत होते. त्याच्या गटातल्या जेम्स पीबल्सच्या लेखाची बातमी एका मित्राकडून पेन्झियासला कळली. त्याने डिकीला फोन केला. फोन ठेवताना डिकी समजला की आपण जे शोधायला निघालो ते दुसऱ्यांना आधीच सापडले आहे. आणि दैवाची गंमत अशी की १९४६ साली डिकीनेच आकाशाची अशी खरखर २० अंशांपेक्षा कमी आहे असे मोजून ठेवले होते आणि पुढे तो ते विसरूनही गेला होता! शिवाय आल्फर आणि हर्मन या दोघांनी १९४८ सालीच अशी सुमारे ५ अंशांची ऊब उरली असावी असे लिहिले होते. तेही कोणाच्या ध्यानात राहिले नव्हते.

१९६५ साली दोन्ही गटांचे लेख एकाच मासिकात शेजारीशेजारी आले. पेन्झियास आणि विल्सन यांच्या लेखात विश्वाच्या उत्पत्तीची चर्चा जवळपास नाहीच. एवढी खरखर जास्त आहे, तिचे इतर खुलासे आम्ही तपासले, एवढेच. १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे उपग्रहांनी ते माप अधिक काटेकोर केले. आज ते २.७२५ अंश धरतात.

विल्सनचा स्वतःचा कल फ्रेड हॉईल यांच्या स्थिर विश्वाच्या कल्पनेकडे होता. त्या कल्पनेप्रमाणे विश्वाला आरंभ नाही. म्हणजे हे माप त्याच्या आवडत्या मताच्या विरुद्ध गेले, तरी त्याने ते दडवले नाही. हॉईल यांचे शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर यांनी मात्र शेवटपर्यंत महास्फोटाच्या मताला पुरावा मागण्याचे सोडले नाही. २०२५ साली ते गेले. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते. पण वेगळा खुलासा शक्य आहे का, हे पुन्हा पुन्हा विचारणे ही त्याच वहीची पुढची पाने आहेत, असे मला वाटते.

या कथेचा एक धागा आपल्या अंगणातही येतो. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद इथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात एक विशाल रेडिओदुर्बीण उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. जागा निवडताना एक गोष्ट मुद्दाम पाहिली गेली, ती म्हणजे शहरी खरखर इथे कमी आहे आणि डोंगर तिला आडवे येतात. पण मोटरसायकलचा प्लग, विजेच्या खांबावरचा सैल सांधा, यांतून उडणारी ठिणगी अशा दुर्बिणीला आकाशापेक्षा मोठी वाटते. आमच्या गिरणीची ठिणगी बातम्या बुडवीत होती, तशी ती इथे दूरच्या दीर्घिकेचा आवाज बुडवू शकते.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेत प्रयोग होतात. पुस्तकातला आकडा आला नाही की मुलगा घाबरतो आणि वहीत तो आकडा गुपचूप 'बरोबर' करून टाकतो. आपणही पुष्कळदा त्याला पूर्ण गुण देतो. मी स्वतः महाविद्यालयात शिकवतो, आणि हे पाप माझ्या हातूनही झाले आहे. जुन्या नोंदींतला एखादा आकडा इतरांशी जुळला नाही तर 'नकलणाऱ्याची चूक' म्हणून मी तो सोडून देत असे. आता हात थबकतो. चूक असेलही. बहुतेक वेळा असतेच. कबुतरे असतात, सैल तार असते, गिरणी असते. पण ती चूक आहे हे तपासून म्हणायचे, सोय म्हणून नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी मुलाचा आकडा जुळला नाही तर तो खोडू देऊ नका. त्याला विचारा : तार काढून पाहिलीस का? खऱ्या मापाशी ताडून पाहिलेस का? वेळ लिहिलीस का? एवढे करूनही आकडा उरला तर वहीत तसाच ठेवायला सांगा. त्याला धनी आज ना उद्या मिळेल.